वखारीतील उंदीर आणि आपले व्रत

भुसार मालाच्या व्यापारात आयुष्य घालविणाऱ्यांस उंदरांची ओळख करून देण्याचे कारण नाही. १८९६ साली मुंबईत प्लेग प्रथम उघडकीस आला, तो धान्याच्या वखारींनी गजबजलेल्या मांडवी भागातच. तेव्हा उंदरांचा बंदोबस्त करूच नये, असे कोणी शहाणा मनुष्य म्हणणार नाही. प्रश्न एवढाच की, अहिंसेचे व्रत सांगणाऱ्या व्यापाऱ्याने तो कसा करावा?

आमच्या बेळगाव भागात ह्या प्रश्नास आणखी एक बाजू आहे. खानापूर तालुक्यात सह्याद्रीचे दाट रान असून त्यातील भीमगडचे अरण्य २०११ साली अभयारण्य म्हणून घोषित झाले. रानाच्या कडेस घर वा वखार असली म्हणजे उंदरामागोमाग धामण येते, नाग येतो, रात्री गव्हाणी घुबड येते. नागापासून जपलेच पाहिजे. परंतु धामण आणि घुबड हे तर आपले बिनपगारी पहारेकरी होत.

आज सर्रास वापरल्या जाणाऱ्या ब्रोमॅडिओलोनसारख्या विषाने उंदीर तत्काळ मरत नाही. त्याचे रक्त गोठण्याची शक्ती नष्ट होते आणि काही दिवस तो सुस्तावून उघड्यावर हिंडतो. असा उंदीर घुबडास अथवा घरच्या मांजरास सहज सापडतो व विष त्यांच्या पोटात जाते. इकडे घरउंदराची मादी सुमारे तीन आठवड्यांत पाच-सहा पिले घालते आणि ती पिले दीड-दोन महिन्यांत स्वतः वीण घालू लागतात. घुबडाची वाढ ह्या वेगाने होत नाही. म्हणजे विषाने पहारेकरी जातो आणि चोर परत येतो. गोंदाच्या फळीविषयी तर काय बोलावे? तीवर चिकटलेला जीव तासन् तास तडफडतो. कित्येक राज्यांनी तिच्यावर बंदीची परिपत्रके काढली, ती उगीच नव्हे.

आपल्यापैकी अनेक बंधू म्हणतात, "आम्ही कोठे विष घालतो? ते कंत्राटदाराचे काम." ह्या उत्तराने आमचे समाधान होत नाही. कृत, कारित आणि अनुमोदित, म्हणजे स्वतः केलेले, करविलेले आणि मान्य केलेले, असे हिंसेचे तीन प्रकार आपण लहानपणापासून ऐकत आलो. कंत्राटदाराचे बिल ज्या वहीत चुकते होते, त्याच वहीत ते पापही जमा होते, असे आमचे स्पष्ट मत आहे.

दुसरे काही बंधू पिंजऱ्यात उंदीर धरून दूर रानात सोडतात व दया केल्याचे समाधान मानतात. परंतु घरात वाढलेला हा जीव अनोळखी जागी बहुधा तगत नाही, किंवा जवळच्या शेतकऱ्याच्या कणगीत शिरतो. आपली अडचण दुसऱ्याच्या दारात नेऊन टाकणे ही दया नव्हे.

मग करावे काय? बीळ बुजवावे. जेथे शिसपेन्सिल जाते तेथे घरउंदीर जातो. म्हणून पाव इंचाचे भोकही लहान समजू नये. भिंतीतील व नळाभोवतालच्या फटींत तारेची घासणी कोंबून वरून सिमेंट भरावे. दाराखाली पत्र्याची पट्टी आणि झरोक्यास बारीक जाळी लावावी. पोत्यांची थप्पी फळ्यांवर, भिंतीपासून दीड-दोन फूट सोडून रचावी; सांडलेले दाणे रोजच्या रोज झाडावे. घरी गृहिणींनी धान्य घट्ट झाकणाच्या डब्यांत ठेवावे. एवढे करूनही आत राहिलेला उंदीर पिंजऱ्यात धरून आवाराबाहेर जवळच सोडावा. वखार बंद असली म्हणजे बाहेरचा उंदीर हा घुबडाचा आणि धामणीचा विषय आहे. धामण आत शिरलीच, तर काठी न उचलता सर्पमित्रास बोलवावे. तिला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचेही संरक्षण आहे.

खर्चाचे म्हणाल, तर विषाची रक्कम दर वर्षी नावे पडते. गवंड्याची मजुरी एकदा पडते, पुढे केवळ डागडुजी. हा हिशेब व्यापाऱ्यास सांगावा लागू नये. आपल्या संघाने येत्या वार्षिक सभेत ठराव करावा की, सभासदांनी प्रथम वखारीची बिळे बुजवावीत आणि कंत्राटदारास विष व गोंदाची फळी वापरण्यास लेखी मनाई करावी. पर्युषणात आपण सर्व जीवांची क्षमा मागतो. त्यापूर्वी प्रत्येकाने आपल्या वखारीस दिवा घेऊन एक फेरी मारावी, एवढीच आमची नम्र विनंती आहे.