विश्लेषण : ‘ड्रायव्हर सापडत नाही’... नव्या संगणकावर जुनी विंडोज का बसत नाही?

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. सामान्य वापरकर्त्यांपुढे तेव्हापासून विंडोज ११ कडे जायचे की एक वर्षाच्या वाढीव सुरक्षा मुदतीवर भागवायचे, एवढाच प्रश्न आहे. पण डीटीपीची दुकाने, छोटी मुद्रणालये, कारखान्यातील यंत्राला जोडलेले संगणक किंवा प्रयोगशाळेतील उपकरणे यांची अडचण उलटी आहे. तिथे जुना संगणक बंद पडतो, नवा येतो आणि त्यावर जुनीच विंडोज हवी असते, कारण रोजी-रोटीचे सॉफ्टवेअर पुढच्या विंडोजवर चालतच नाही. विंडोज ७ चा पेनड्राइव्ह लावला जातो, लोगो झळकतो, ‘इन्स्टॉल नाऊ’ दाबले जाते आणि पडद्यावर संदेश येतो : आवश्यक सीडी/डीव्हीडी ड्राइव्हचा ड्रायव्हर सापडत नाही, फ्लॉपी, सीडी, डीव्हीडी किंवा पेनड्राइव्ह असल्यास आता लावा.

नव्या संगणकात सीडी ड्राइव्ह नसतोच. फ्लॉपीचे तर नावही काढायला नको.

पेनड्राइव्हवरून सुरू झाले, मग तोच दिसत नाही कसा?

या संदेशाचा सीडीशी संबंध नसतो, हे आधी लक्षात घ्यायला हवे. संगणक सुरू होताना पेनड्राइव्ह वाचण्याचे काम विंडोज करत नाही. ते मदरबोर्डवरील फर्मवेअर, म्हणजे बायोस किंवा यूईएफआय, करते. ते इन्स्टॉलरचा छोटा गाभा उचलून रॅममध्ये ठेवते आणि बाजूला होते. त्यानंतर सूत्रे त्या गाभ्याकडे येतात. आता पेनड्राइव्हवरील उरलेल्या मोठ्या फाइलपर्यंत त्याला स्वतःच्या ड्रायव्हरने पोहोचायचे असते. तो ड्रायव्हर नसेल तर ज्या पेनड्राइव्हवरून तो आला, तोच त्याला दिसेनासा होतो. ‘ब्राउझ’ दाबल्यावर एक्स नावाचा ड्राइव्ह दिसतो आणि अनेकांना तोच पेनड्राइव्ह वाटतो. प्रत्यक्षात तो रॅममधला तात्पुरता ड्राइव्ह असतो. तिथे कितीही शोधले तरी हाती काही लागत नाही.

संदेशाची भाषा २००९ ची आहे. विंडोज ७ त्या वर्षी २२ ऑक्टोबरला आली, तेव्हा ती डीव्हीडीवरून बसवली जाई. ‘मूळ फाइल असलेले माध्यम सापडत नाही’ असे म्हणण्याऐवजी इन्स्टॉलर सरळ डीव्हीडीला दोष देतो. त्यामुळे लोक डीव्हीडीचा ड्रायव्हर शोधत बसतात आणि संशयास्पद संकेतस्थळांवरील ‘ड्रायव्हर पॅक’च्या नादी लागतात.

घोळ कुठून सुरू झाला?

विंडोज ७ च्या मूळ प्रतीत यूएसबी २.० चा ड्रायव्हर आहे, ३.० चा नाही. तो विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, आतच मिळू लागला. २०१५ पर्यंत यामुळे फारसे अडले नाही, कारण मदरबोर्डवर जुन्या पद्धतीचा यूएसबी कंट्रोलरही असे. त्या वर्षी इंटेलने सहाव्या पिढीचे ‘स्कायलेक’ प्रोसेसर आणले आणि त्यांच्यासोबतच्या चिपसेटमधून तो जुना कंट्रोलर काढून टाकला. सगळे पोर्ट नव्या कंट्रोलरवर गेले. परिणामी अनेक ठिकाणी वरचा संदेश येण्याआधीच, भाषा निवडण्याच्या पहिल्या पडद्यावर कीबोर्ड आणि माउस मृतवत होऊ लागले. यूएसबी कीबोर्डही शेवटी त्याच दारातून आत येतो.

एसएसडीचेही तसेच. एनव्हीएमई प्रकारच्या एसएसडीचा ड्रायव्हर विंडोज ७ मध्ये नव्हता. मायक्रोसॉफ्टने नंतर त्यासाठी स्वतंत्र हॉटफिक्स दिली, पण ती इन्स्टॉलरमध्ये आपणच मिसळावी लागते. एक्सपीच्या काळात साटा डिस्कबाबत नेमके हेच घडले होते. एफ-६ दाबून फ्लॉपीवरून ड्रायव्हर देणारे तंत्रज्ञ आजही भेटतात.

हे केवळ तांत्रिक होते का?

पूर्णपणे नाही. मायक्रोसॉफ्टने जानेवारी २०१६ मध्ये जाहीर केले की यापुढच्या पिढीचे प्रोसेसर फक्त विंडोज १० वरच चालवले जातील आणि स्कायलेकवरील विंडोज ७ ला निवडक संगणकांपुरताच, जुलै २०१७ पर्यंत सपोर्ट मिळेल. कंपन्यांच्या नाराजीनंतर ही मुदत आधी २०१८ पर्यंत आणि मग विंडोज ७ च्या अंतापर्यंत, म्हणजे १४ जानेवारी २०२० पर्यंत वाढवली गेली. सातव्या पिढीच्या प्रोसेसरबाबत मात्र कंपनी हटली नाही. २०१७ मध्ये अशा संगणकांवर विंडोज ७ चे अपडेटच अडवले गेले. चालू शकणारी गोष्ट अडवणे हा तंत्रज्ञानाचा नव्हे, धंद्याचा निर्णय होता. अर्थात प्रत्येक जुन्या प्रणालीसाठी कायम ड्रायव्हर लिहिणे चिप कंपन्यांना परवडत नाही, हेही खरे.

विंडोज १० घालणाऱ्यांचे काय?

त्यांनाही याच जातीची अडचण येते, फक्त संदेश वेगळा असतो. इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या अनेक लॅपटॉपमध्ये ‘व्हीएमडी’ ही व्यवस्था कारखान्यातूनच चालू असते. एसएसडी तिच्या आड असते, म्हणून ‘विंडोज कुठे बसवायची’ या पडद्यावर एकही डिस्क दिसत नाही. विंडोज ११ च्या इन्स्टॉलरवरही काही लॅपटॉपमध्ये हे घडते. डिस्क खराब झाली असे समजून नवी घेण्याआधी लॅपटॉप कंपनीच्या किंवा इंटेलच्या संकेतस्थळावरून ‘रॅपिड स्टोरेज’ ड्रायव्हर घ्यावा, तो उलगडून त्याचे फोल्डर पेनड्राइव्हवर ठेवावे आणि ‘लोड ड्रायव्हर’ दाबावे. डाउनलोड केलेली ईएक्सई फाइल तशीच ठेवली तर इन्स्टॉलरला ती कळत नाही. त्याला आतली आयएनएफ फाइल लागते. बायोसमध्ये व्हीएमडी बंद करणे हा दुसरा मार्ग. पण डिस्कवरील आधीची विंडोज ठेवायची असेल तर हा प्रयोग अंगाशी येतो. ती सुरू होत नाही, आणि बिटलॉकर चालू असेल तर रिकव्हरी की मागितली जाते.

विंडोज ७ साठी काय करता येते?

सर्वात सोपा उपाय आधी करून पाहावा. संदेश आल्यावर ‘कॅन्सल’ करून पेनड्राइव्ह दुसऱ्या पोर्टमध्ये, शक्यतो काळ्या रंगाच्या यूएसबी २.० पोर्टमध्ये घालावा आणि ‘इन्स्टॉल नाऊ’ पुन्हा दाबावे. २०१५ पूर्वीच्या संगणकांवर एवढ्याने अनेकदा काम होते. आयएसओ फाइल अर्धवट उतरली असेल किंवा पेनड्राइव्ह नीट तयार झाला नसेल, तरी हाच संदेश येतो. म्हणून तो एकदा नव्याने बनवून बघावा.

त्यापुढच्या संगणकांसाठी यूएसबी ३.० चा ड्रायव्हर पेनड्राइव्हमध्येच मिसळावा लागतो. गिगाबाइट, एसरॉक, एमएसआय, एसुस या मदरबोर्ड कंपन्यांनी त्यासाठी छोटी साधने दिली होती. इथे एक चूक हमखास होते. पेनड्राइव्हवर ‘बूट’ आणि ‘इन्स्टॉल’ अशा दोन डब्ल्यूआयएम फाइल असतात. ड्रायव्हर फक्त पहिलीत घातला तर इन्स्टॉलेशन पार पडते, पण पहिल्यांदा विंडोज उघडल्यावर कीबोर्ड पुन्हा मुका होतो. दोन्हीत घालणे आवश्यक आहे.

खूपच नव्या संगणकावर मात्र ही खटपट सोडून द्यावी. विंडोज ७ ला सुरू होण्यासाठी फर्मवेअरमध्ये जुन्या बायोसची नक्कल करणारी ‘सीएसएम’ ही सोय लागते आणि नव्या लॅपटॉपमधून ती गेली आहे. त्याऐवजी विंडोज ११ मध्येच व्हर्च्युअल मशीन चालवून त्यात विंडोज ७ बसवता येते. व्हर्च्युअल मशीन आपले नवे हार्डवेअर लपवून जुन्या विंडोजला ओळखीचे हार्डवेअर दाखवते, त्यामुळे ड्रायव्हरचा प्रश्न मुळातच उद्भवत नाही. पेजमेकरची शेवटची, २००१ ची आवृत्ती आणि युनिकोडपूर्व मराठी फॉन्ट यांत अडकलेल्या लग्नपत्रिका, दिवाळी अंक उघडण्यासाठी हा मार्ग पुरेसा आहे. यूएसबी डोंगलही आत जोडता येतो. व्हर्च्युअल मशीनचे इंटरनेट तोडून ठेवावे, कारण या विंडोजला आता सुरक्षा अपडेट मिळत नाहीत.

पॅरलल पोर्टचा डोंगल किंवा यंत्र चालवणारे पीसीआय कार्ड असेल तर व्हर्च्युअल मशीनने सहसा भागत नाही. तिथे चौथ्या पिढीपर्यंतच्या इंटेल प्रोसेसरचा चांगल्या स्थितीतील जुना संगणक घेणे स्वस्त आणि खात्रीचे. मात्र चालू संगणक बंद पडायची वाट न पाहता त्याच्या डिस्कची पूर्ण प्रत आणि सगळे ड्रायव्हर आजच बाजूला काढून ठेवावेत. जुन्या मदरबोर्डचे अनेक ड्रायव्हर आणि बायोस इंटेलने २०१९ मध्ये संकेतस्थळावरून काढून टाकले. मायक्रोसॉफ्टनेही ऑगस्ट २०२० मध्ये जुन्या पद्धतीची डिजिटल सही असलेले डाउनलोड हटवले.