अनी : एका पुलाचे दोन काठ

मुंबईच्या फोर्टात, मेडोज स्ट्रीटवर, एक आर्मेनियन चर्च आहे. मूळ चर्च १७९६ सालचे. ऑफिसच्या घाईत असलेल्या माणसाचे त्याकडे लक्ष जात नाही. मीही कित्येक वर्षे तसाच जात होतो. सुरतेला, मुंबईला, कलकत्त्याला व्यापारासाठी आलेली ही मंडळी मुळात कुठली, हा प्रश्न मला पडला तो अनी या शहराची छायाचित्रे पाहिल्यावर.

अनी आज तुर्कस्तानच्या कार्स प्रांतात आहे. खोल दरीतून अखुरियान नदी वाहते. अलीकडे अनीचे भग्नावशेष, पलीकडे आर्मेनिया. ९६१ साली बग्रातुनी घराण्यातील राजा तिसरा अशोत याने इथे राजधानी आणली. दोन बाजूंना दरी, तिसऱ्या बाजूला दुहेरी तटबंदी आणि दारावरून जाणारा व्यापारी मार्ग. शहर भरभराटीला आले नसते तरच नवल! 'एक हजार एक चर्चचे शहर' ही त्याची ख्याती. आकड्यात अतिशयोक्ती आहे, पण वैभव खरे होते.

या वैभवाचा शिल्पकार त्रदात. ९८९च्या भूकंपात कॉन्स्टँटिनोपलच्या हागिया सोफियाचा घुमट ढासळला, तेव्हा दुरुस्तीसाठी बायझंटाईन सम्राटाला त्याचीच आठवण झाली. अनीचे कॅथेड्रल त्याने १००१ साली पूर्ण केले. लालसर ज्वालामुखी दगडाच्या भिंती, आत जुडग्यासारखे खांब आणि टोकदार कमानी. युरोपात गॉथिक शैलीने मूळ धरण्यापूर्वी शंभरहून अधिक वर्षे हे घडले होते.

पुढची कथा पडझडीची. १०४५ मध्ये बायझंटाईन, १०६४ मध्ये सेल्जुक सुलतान आल्प अर्सलान, १२३६ मध्ये मंगोल. मधल्या काळात शहर पुन्हा सावरलेही. व्यापारी तिग्रान होनेन्त्सने १२१५ मध्ये बांधलेले चर्च आतील भित्तिचित्रांसह आजही उभे आहे. पण १३१९च्या भूकंपात कॅथेड्रलचा घुमट कोसळला, व्यापाराच्या वाटा बदलल्या आणि शहर हळूहळू ओस पडले.

खरा गुंता विसाव्या शतकातला आहे. कार्स रशियाच्या ताब्यात असताना निकोलाय मार यांनी १८९२ पासून इथे उत्खनन केले. राजा गागिकचा, हातात चर्चची प्रतिकृती धरलेला पुतळा १९०६ मध्ये सापडला आणि पहिल्या महायुद्धाच्या धामधुमीत गहाळ झाला. १९१५ पासून अनातोलियातील आर्मेनियन समाजाचा संहार झाला. तुर्कस्तान त्याला वंशसंहार मानायला तयार नाही. १९२१च्या कार्स करारानंतर अनी तुर्कस्तानकडे राहिले, आणि ज्यांनी ते बांधले त्यांचे वंशज नदीच्या पलीकडून ते पाहत राहिले. पुढे शीतयुद्धात ही सोव्हिएत सीमा झाली. फोटो काढायलाही बंदी. १९५७ मध्ये एका वादळात तारणहाराच्या चर्चचा अर्धा भाग कोसळला. १९९३ मध्ये काराबाखच्या युद्धावरून तुर्कस्तानने सीमाच बंद केली.

दगडांपेक्षा नावाची उपेक्षा मला जास्त बोचते. अनेक वर्षे इथल्या माहितीफलकांवर 'आर्मेनियन' हा शब्द टाळला जात असे. सप्टेंबर २०१० मध्ये व्हॅन सरोवरातील अख्तामार बेटावरच्या चर्चमध्ये ९५ वर्षांनी आर्मेनियन प्रार्थना झाली. त्यानंतर पंधरवड्याच्या आतच एका तुर्की राष्ट्रवादी पक्षाने अनीच्या कॅथेड्रलमध्ये नमाज आयोजित केली. हेतू स्पष्ट होता : एकाला काही दिले की दुसऱ्याने हक्क सांगायचा. जुन्या वास्तूंवरून माणसे कशी हमरीतुमरीवर येतात, हे आपल्याला काही नव्याने सांगायला नको.

तरीही चित्र सगळे काळे नाही. तुर्की सांस्कृतिक मंत्रालय आणि वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंड यांनी जतनाचे काम हाती घेतले. २०१६ मध्ये अनी युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आले. फेब्रुवारी २०२३ मध्ये तुर्कस्तानात भीषण भूकंप झाला, तेव्हा आर्मेनियाचे मदतीचे ट्रक तीस वर्षांत प्रथमच मार्गाराच्या पुलावरून पलीकडे गेले. अनीखालच्या दरीतील मध्ययुगीन पूल मिळून दुरुस्त करण्याचा विषयही दोन्ही देशांच्या विशेष प्रतिनिधींच्या चर्चेत आला आहे.

या पुलाची कमान केव्हाच पडली. दोन काठांवर दोन आधार तेवढे उरले आहेत, एक तुर्कस्तानात, एक आर्मेनियात. एकट्याने बांधता येणार नाही अशी ही वास्तू आहे, म्हणूनच मला ती महत्त्वाची वाटते. कॅथेड्रल एक सरकार स्वतःच्या मर्जीने सावरू शकते, हवा तो फलक लावू शकते. पुलासाठी मात्र समोरच्याशी बोलावेच लागते. आणि बोलायला बसले की त्याचे नाव घ्यावे लागते.

तुर्की भाषेत याच नावाशी अगदी मिळताजुळता एक शब्द आहे. त्याचा अर्थ आठवण. ती कोणाची, हे फलकावर खरेपणाने लिहायला सिमेंट लागत नाही, मनाचा मोठेपणा लागतो. परवा मेडोज स्ट्रीटवरून जाताना मी त्या चर्चपाशी प्रथमच थांबलो, आणि पाटी नीट वाचली.