बांगड्यांचा आहेर आणि ‘घरीच असते’

अधिवेशन संपलं की पेपरात एक मथळा हमखास दिसतो, ‘वांझोटी चर्चा’. एखाद्या साहेबाने वर्षभर निवेदनं घेऊनही काम केलं नाही, तर कार्यकर्ते त्याच्या टेबलावर बांगड्या ठेवून येतात. ‘बांगड्यांचा आहेर’ म्हणून फोटोही छापून येतो. आणि गंमत बघा, बऱ्याचदा त्या नेऊन देणाऱ्या आपल्याच भगिनी असतात. स्वतःचे हात मनगटभर भरलेले, आणि साहेबाला सांगतात, ‘तुम्ही निकामी, म्हणून या भरा!’

वाया गेलेल्या कष्टांसाठी मराठीत शब्दांना काय तोटा आहे? पालथ्या घड्यावर पाणी, सगळं केलं आणि मुसळ केरात, लष्कराच्या भाकऱ्या. घडा कोण भरतं, मुसळ कोणाच्या हातात, भाकऱ्या कोण थापतं, हे सांगायला नकोच. (डोंगर पोखरून उंदीर काढणारे तेवढे पुरुष असावेत.) हे शब्द कामातून आलेत, ते कोणाला बोचत नाहीत. पण वांझोटी, भाकड, बायकी, बांगड्या हे शब्द कामातून आलेले नाहीत. ते थेट बाईच्या देहावर आणि अंगावरच्या दागिन्यावर बेतलेत. चर्चा निष्फळ झाली, पाण्यात गेली असं लिहिलं तर काय बिघडतं? ज्या बाईला मूल नाही म्हणून बारशाला बोलावणं येत नाही, तीही तो पेपर वाचतेच ना!

न्यायालयांच्या भाषेतही असे शब्द होते. ऑगस्ट २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एक पुस्तिकाच काढली. निकालपत्रात बायकांविषयी कोणते शब्द टाळायचे आणि त्याजागी कोणते वापरायचे, याची यादी तीत आहे. ‘हाऊसवाइफ’ नको, ‘होममेकर’ म्हणा, असंही त्यात आहे. आपल्याकडे ‘गृहिणी’ हा चांगला शब्द आधीपासून आहे. पण तो फक्त फॉर्मवर. तोंडाने आपण म्हणतो, ‘काही नाही, घरीच असते.’

बचतगटाचे फॉर्म भरून घेताना हे वाक्य मी किती वेळा ऐकलं असेल! दोन म्हशींच्या धारा काढून, शेण-झाडलोट उरकून, डेअरीला दूध घालून आलेली बाई ‘व्यवसाय’ या रकान्यापाशी अडते आणि म्हणते, ‘काही नाही ताई, लिहा घरकाम.’

हा नुसता बोलण्याचा प्रश्न असता तर सोडून दिला असता. पण यावर पैसे ठरतात. मोटार वाहन कायद्याच्या जुन्या परिशिष्टात, न कमावणारी पत्नी अपघातात गेली तर भरपाईसाठी तिचं उत्पन्न नवऱ्याच्या उत्पन्नाच्या एक तृतीयांश धरायचं, असं सूत्र होतं. २०१० साली अशाच एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने खंत व्यक्त केली, की २००१ च्या जनगणनेत गृहिणींना ‘काम न करणारे’ या वर्गात भिकारी, वेश्या आणि कैद्यांच्या जोडीला बसवलं आहे. जानेवारी २०२१ मध्ये त्याच न्यायालयाने पुन्हा बजावलं, की गृहिणीच्या कामाचं मोल भरपाईत धरायलाच हवं. त्या निकालात २०११ च्या जनगणनेचा आकडा आहे. मुख्य काम घरकाम, असं सांगणाऱ्या बायका सुमारे १५.९८ कोटी. आणि पुरुष? ५८ लाखही नाहीत.

केंद्र सरकारने २०२४ साली लोकांचा वेळ कशात जातो याची पाहणी केली. बिनपगारी घरकाम करणाऱ्या बाईची दिवसाची २८९ मिनिटं त्यात जातात, ते करणाऱ्या पुरुषाची ८८. २०१९ मध्ये हेच आकडे २९९ आणि ९७ होते. म्हणजे पाच वर्षांत बाईची दहा मिनिटं वाचली, पण पुरुषाचीही नऊ वाचली! वाटणी होती तिथेच. सांभाळलेली मुलं, उठवून बसवलेली म्हातारी माणसं यात धरलेली नाहीत, त्याचा हिशेब वेगळा.

पुढच्या जनगणनेसाठी १ मार्च २०२७ ही संदर्भ तारीख सरकारने जून २०२५ मध्ये जाहीर केली. मागच्या जनगणनेची व्याख्या मुद्दाम सांगते, कारण ती फारशी कोणाला ठाऊक नसते. घरच्या शेतात किंवा दुकानात बिनपगारी राबणं हेसुद्धा ‘काम’ धरलं होतं. घरापुरतं दूध काढणंही काम. वर्षातून सहा महिन्यांपेक्षा कमी केलं, तरी त्याची वेगळी नोंद होत होती. रकाना होता, पण प्रगणकाला उत्तर कोण देतं? ओट्यावर बसलेले सासरे किंवा घरधनी. ते म्हणतात, ‘ती घरीच असते,’ आणि प्रगणक पुढच्या दाराला जातो.

तेव्हा तो दाराशी आला की तव्यावरची भाकरी जरा खाली उतरवा आणि बाहेर या. म्हशी किती, शेतात कोणत्या महिन्यात जाता, शिवणाचं मशीन कोण चालवतं, सगळं तुमच्या तोंडाने सांगा आणि तो काय लिहितोय, ते वाचून घ्या.