घाटावर एक, घाटाखाली दुसरे

आमचा जोयडा तालुका सीमेवर वसलेला असल्यामुळे दोन राज्यांचे कर आणि दोन राज्यांतील पुढाऱ्यांची भाषणे आम्हां व्यापाऱ्यांच्या कानी एकाच वेळी पडतात. गोवा मुक्त होण्यापूर्वी कॅसलरॉक येथे जकातीची चौकी होती. ती गेली, परंतु अनमोडचा घाट उतरून मोल्याकडे गेले की पेट्रोलचा दर आजही बदलतो. रामनगरचा मालवाहू चालक टाकी कोठे भरावयाची याचा हिशेब आधी करतो आणि मगच गाडी सुरू करतो. असा हिशेब ज्यांच्या अंगवळणी पडला आहे, त्यांना २०२४ च्या जून महिन्यात घडलेली गोष्ट विसरता येणार नाही.

त्या महिन्याच्या १५ तारखेस कर्नाटकातील काँग्रेस सरकारने पेट्रोलवरील विक्रीकर २५.९२ टक्क्यांवरून २९.८४ टक्के आणि डिझेलवरील १४.३४ वरून १८.४४ टक्के केला. लिटरमागे सुमारे तीन रुपये वाढले. भारतीय जनता पक्षाने राज्यभर निदर्शने केली; गरिबांच्या खिशात हात घातला गेला, असे सांगण्यात आले. एक आठवडा लोटतो न लोटतो, तोच २२ जूनपासून गोव्यातील भारतीय जनता पक्षाच्या सरकारने आपला मूल्यवर्धित कर वाढविला. पेट्रोल लिटरमागे एक रुपयाने व डिझेल ३६ पैशांनी महागले. आता निषेधाची पाळी तेथील काँग्रेसची होती. वाढीचे आकडे सारखे नव्हते, हे न्यायाने सांगितले पाहिजे. पण युक्तिवाद अक्षरशः तेच होते. फक्त ते घाट चढून आले होते आणि घाट उतरून गेले होते.

गोव्याचे याहून जुने उदाहरण आमच्या सभासदांस स्मरत असेल. २०१२ साली मनोहर पर्रीकर यांनी सत्तेवर येताच पेट्रोलवरील कर जवळजवळ शून्यावर आणला आणि दर लिटरमागे अकरा रुपयांच्या आसपास उतरला. त्याच वर्षी गृहिणींसाठी दरमहा हजार रुपयांची ‘गृह आधार’ योजनाही निघाली. म्हणजे जमा कमी केली आणि नावे वाढविले. सप्टेंबर-ऑक्टोबरात खाणी बंद पडल्या, तिजोरीचा मोठा झरा आटला, आणि पुढे तो पेट्रोलवरील कर टप्प्याटप्प्याने पुन्हा चढत गेला. कर कमी केला तेव्हा समारंभ होता. चढविला तेव्हा केवळ अधिसूचना होती.

आता फुकटाच्या वाटपाविषयी. १६ जुलै २०२२ रोजी बुंदेलखंडातील द्रुतगती मार्गाच्या उद्घाटनप्रसंगी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी ‘रेवडी’ वाटण्याच्या राजकारणावर कडक टीका केली. ती आम्हांस पटली होती. परंतु पुढच्याच वर्षी, मे २०२३ च्या कर्नाटक विधानसभा निवडणुकीत, त्यांच्याच पक्षाने दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांना रोज अर्धा लिटर दूध आणि वर्षाला तीन गॅस सिलिंडर मोफत देण्याचे वचन जाहीरनाम्यात दिले. काँग्रेसने पाच ‘गॅरंटी’ दिल्या आणि ती निवडून आली. मग २८ जून २०२४ रोजी महाराष्ट्रातील महायुती सरकारने ‘लाडकी बहीण’ योजना जाहीर केली : दरमहा दीड हजार रुपये, वर्षाचा अंदाजित खर्च ४६,००० कोटी. कर्नाटकात जिला दिवाळखोरी म्हटले होते, ती कृष्णा ओलांडताच बहिणीची ओवाळणी झाली.

काँग्रेसची कथा याहून सरळ नाही. ऑक्टोबर २०२४ च्या अखेरीस अध्यक्ष मल्लिकार्जुन खर्गे यांनी बंगळुरात, अर्थसंकल्पाला पेलतील तेवढीच वचने द्या, असे आपल्या सहकाऱ्यांस जाहीरपणे सुनावले. शहाणा व्यापारी मुलाला जे सांगेल तेच ते बोलले. आणि आठवड्याभरात त्यांच्याच आघाडीने महाराष्ट्रात महिलांना दरमहा तीन हजार रुपये व मोफत बसप्रवास कबूल केला! महायुतीने एकवीसशेचा आकडा पुढे केला आणि ती जिंकली. परंतु मार्च २०२५ च्या अर्थसंकल्पात एकवीसशे आले नाहीत. ४५,८९१ कोटींची अंदाजित महसुली तूट मात्र आली.

येथे कोणी विचारील की, गरिबाच्या घरी दोन पैसे गेले तर तुमचे काय बिघडले? काहीच बिघडले नाही. ‘गृहलक्ष्मी’चे दोन हजार रुपये आमच्याच दुकानांतून तांदूळ, तेल आणि वह्यापुस्तकांच्या रूपाने घरोघर जातात. हप्ता रखडला की आमच्या उधारीच्या वहीत त्याचे प्रतिबिंब पहिल्याने पडते. तेव्हा या पैशाला नाके मुरडणे आम्हांस शोभणार नाही. आमचा आक्षेप दानावर नसून वहीवर आहे.

दुकान वाढविण्यासाठी किंवा गाडी घेण्यासाठी काढलेले कर्ज निराळे आणि घरखर्चासाठी दर महिन्यास काढलेले कर्ज निराळे. पहिले कर्ज गाडीच्या भाड्यातून फिटते. दुसऱ्याचे व्याज फेडण्यासाठी तिसरे काढावे लागते. सरकारी भाषेत या दुसऱ्या प्रकारास महसुली तूट म्हणतात. कर्नाटकाने २००२ साली वित्तीय जबाबदारीचा कायदा केला. असा कायदा करणारे ते देशातील पहिले राज्य. २००४-०५ पासून महासाथीपर्यंत येथे महसुली शिल्लक राहिली, आणि त्या काळात काँग्रेस, जनता दल (धर्मनिरपेक्ष) व भारतीय जनता पक्ष या तिघांनीही राज्य केले. म्हणजे गोष्ट अशक्य नव्हती. फेब्रुवारी २०२३ मध्ये बसवराज बोम्मई यांनी ४०२ कोटींची महसुली शिल्लक दाखविली. त्याच वर्षी जुलैत सिद्धरामय्या यांच्या अर्थसंकल्पात १२,५२२ कोटींची तूट होती. पुढील वर्षीच्या अंदाजात ती २७,३५४ कोटी झाली आणि २०२५-२६ साठी १९,२६२ कोटी धरण्यात आली. त्या वर्षी गॅरंटींसाठी तरतूद होती ५१,०३४ कोटींची. विरोधी बाकांवर असताना भारतीय जनता पक्षाच्या सरकारच्या कर्जावर सिद्धरामय्या यांनीच वारंवार बोट ठेवले होते.

याचा जोयड्याशी संबंध काय? ‘शक्ती’ योजनेने स्त्रियांचे तिकीट माफ झाले, ही चांगली गोष्ट. परंतु जंगलातल्या ज्या वाडीवर बसच दिवसातून एकदा येते आणि पावसाळ्यात तीही येईल याचा भरवसा नसतो, तेथील बाईला माफ तिकिटाचा लाभ किती? तिला रस्ता हवा, मोरी हवी, बस हवी. हा खर्च भांडवली आहे आणि ओढाताणीच्या वर्षी कात्री प्रथम त्यालाच लागते. कारण न बांधलेल्या मोरीसाठी कोणी मोर्चा काढीत नाही.

वस्तू व सेवा कराबाबतही तोच खेळ आम्ही पाहिला. २०११ साली केंद्रात काँग्रेसने त्याचे घटनादुरुस्ती विधेयक आणले तेव्हा गुजरातसारख्या भारतीय जनता पक्षाच्या राज्यांनी अडविले. २०१७ मध्ये त्याच पक्षाने तो कर मध्यरात्रीच्या सोहळ्यात लागू केला. काँग्रेस तेव्हापासून १८ टक्क्यांची मर्यादा मागत होती. २२ सप्टेंबर २०२५ रोजी बहुतेक माल ५ आणि १८ या दोन दरांत आला. हे आमचेच म्हणणे होते, असे तिने सांगितले. आणि त्याच सुमारास कर्नाटकासह आठ विरोधी राज्यांनी बुडणाऱ्या उत्पन्नाची भरपाईही मागितली. जुलै २०२५ मध्ये यूपीआयच्या नोंदींवरून छोट्या दुकानदारांना नोटिसा आल्या, तेव्हा राज्याने केंद्राकडे बोट दाखविले व केंद्राच्या पक्षाने राज्याकडे. भाजीवाला आणि बेकरीवाला मध्ये उभे होते.

व्यापारी परिषदांचे ठरावही यातून सुटत नाहीत. पहिल्या ठरावात कर कमी करा, दुसऱ्यात रस्ता रुंद करा, तिसऱ्यात अनुदान द्या. तिन्ही एकमताने मंजूर होतात आणि टाळ्यांत बेरीज हरवते.

तेव्हा आमची मंडळास एक सूचना आहे. कर्नाटक विधानसभेची पुढील निवडणूक २०२८ मध्ये व्हावयाची आहे. हल्याळ मतदारसंघातील प्रत्येक उमेदवारास, पक्ष न पाहता, मंडळाने तीन प्रश्न लेखी पाठवावेत : आपल्या प्रत्येक वचनाचा वार्षिक खर्च किती, तो कोणत्या करातून अथवा कोणता खर्च कमी करून भागविणार, आणि कर्ज काढणार असल्यास त्यातून जोयडा तालुक्यात काय उभे राहणार. उत्तरे जशीच्या तशी त्या वर्षीच्या स्मरणिकेत छापावीत. जो उत्तर देणार नाही त्याचे नाव छापून पुढील जागा कोरी सोडावी.