वगळण्याचा हक्क आणि हिशेब

दहावीचा निकाल लागला की मालाड स्थानकाच्या दोन्ही अंगांना असलेल्या झेरॉक्सच्या दुकानांत एकच गर्दी उसळते. मुंबई परिसरात अकरावीचे प्रवेश २००९ पासून ऑनलाइन झाले आणि २०२५ मध्ये ती पद्धत साऱ्या राज्याला लागू झाली. ज्यांच्या घरी संगणक नाही अशा कुरार-मालवणीकडील मुलांना अर्ज भरण्यासाठी या दुकानांचाच आधार असतो. गुणपत्रिका, आधार कार्ड, जातीचा दाखला, वडिलांच्या उत्पन्नाचा दाखला असा सारा ऐवज स्कॅन होऊन दुकानातील संगणकाच्या ‘डेस्कटॉप’वर उतरतो. अर्ज पुढे जातो, पैसे चुकते होतात, मुलगा घरी परततो. कागद मात्र मागे राहतात. तो डेस्कटॉप क्लाऊडशी जोडलेला असेल तर ते दुकानदाराच्या खात्यात जमा होतात आणि त्या खात्याशी जोडलेल्या दुसऱ्या संगणकावरही उमटू लागतात. यात दुकानदाराची लबाडी असतेच असे नाही. बहुधा त्याला स्वतःलाही याची वार्ता नसते.

हा प्रश्न केवळ दुकानाचा आहे असे समजून शिक्षकांना व लिपिकांना हात झटकता येणार नाहीत. प्राध्यापकाच्या संगणकावर अंतर्गत गुणांच्या याद्या असतात, कार्यालयातील लिपिकाकडे पगारपत्रके असतात, वर्गशिक्षकाकडे मुलांच्या आजारपणाचे दाखले असतात. ही माहिती आपल्याकडे असते, पण ती आपली नसते. ती ठेव असते. ठेवीतील कोणता भाग घराबाहेर जावा आणि कोणता जाऊ नये, हे कोणी ठरवायचे, हाच येथे मुख्य प्रश्न आहे.

सिंक म्हणजे काय, याबद्दलचा एक गैरसमज आधी दूर केला पाहिजे. पुष्कळांना ती सुरक्षित तिजोरी वाटते. वस्तुतः तो आरसा आहे. संगणकावरील ठरावीक फोल्डरमध्ये जे घडते, तेच दूरच्या साठ्यात आणि त्या खात्याशी जोडलेल्या प्रत्येक यंत्रावर घडते. येथे फाइल बदलली की तेथे बदलते. येथे पुसली की तेथेही पुसली जाते. कचरापेटीतून ती परत मिळवण्याची सोय असते, पण तिलाही मुदत असते. चूक जशीच्या तशी पसरवणे हा आरशाचा धर्मच आहे.

आयती निवड

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला या व्यवहारात आणखी एक गोष्ट दिसते. माणूस आपण होऊन जे निवडतो त्यापेक्षा त्याच्यासाठी आधीच जे निवडून ठेवलेले असते, त्यालाच तो बहुधा चिकटून राहतो. विंडोजचा नवा संगणक मायक्रोसॉफ्टच्या खात्याने सुरू केला की डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्स हे तिन्ही फोल्डर अनेकदा वनड्राइव्हकडे वळलेले आढळतात. संमती विचारलीच गेली तर ती अशा घाईच्या क्षणी, की ‘पुढे’ या बटणाखेरीज दुसरे काही दिसू नये. मग साठा भरतो आणि पैशाची मागणी येते. मायक्रोसॉफ्टने २०१६ मध्ये मोफत साठ्याची मर्यादा १५ जीबीवरून ५ जीबीवर आणली. छायाचित्रांसाठी गूगलने दिलेली अमर्याद मोफत सवलत १ जून २०२१ पासून बंद झाली. आधी सवय आणि मागाहून किंमत, हा बाजाराचा जुना नियम आहे. त्यावर रागावण्यात अर्थ नाही. पण ज्या फोल्डरला बाहेर जाण्याचे कारणच नव्हते, त्याच्या जागेचे भाडे आपण का भरावे, एवढा हिशेब तरी मध्यमवर्गीय माणसाने मांडायला हवा.

एका शब्दाचे दोन अर्थ

काही फोल्डर सिंकमधून वगळावेत, हे पटले तरी अडचण संपत नाही. खरी अडचण तेथूनच सुरू होते. प्रस्तुत लेखकाने मागे एका सेवेच्या यादीतून गुणांच्या फोल्डरपुढील खूण काढली आणि माहिती आता आपल्यापाशीच राहिली, अशा समाधानात तो राहिला. काही दिवसांनी पाहतो तो फोल्डर संगणकावरून नाहीसा झालेला आणि क्लाऊडमध्ये जागच्या जागी! जे बाहेर जाऊ नये म्हणून खटपट केली, तेच बाहेर राहिले आणि घरातले मात्र गेले. दोष लेखकाचाच, कारण ‘वगळणे’ या शब्दाचा अर्थ त्याने विचारून घेतला नव्हता.

या शब्दाला दोन परस्परविरुद्ध अर्थ आहेत. वनड्राइव्हमधील ‘फोल्डर निवडा’ किंवा ड्रॉपबॉक्समधील ‘सिलेक्टिव्ह सिंक’ ही सोय संगणकाची जागा वाचवण्यासाठी आहे: फोल्डर क्लाऊडमध्ये राहतो, फक्त या यंत्रावर उतरत नाही. गुप्ततेसाठी हवा असतो तो याच्या नेमका उलट प्रकार. त्याचा सर्वांत साधा मार्ग म्हणजे असा फोल्डर सिंक होणाऱ्या फोल्डरच्या बाहेर, संगणकाच्या डिस्कवर स्वतंत्र जागी ठेवणे. गूगल ड्राइव्हच्या संगणकावरील आवृत्तीत कोणते फोल्डर वर पाठवायचे हे निवडता येते. वनड्राइव्हच्या सेटिंगमध्ये डेस्कटॉप आदी तीन फोल्डरांचा बॅकअप एकेक करून बंद करता येतो. मात्र बंद करण्यापूर्वी फाइली कोठे उरतील ते पाहावे आणि जे आधीच वर गेले आहे ते वेगळे पुसावे. दार आता लावले म्हणून आधी बाहेर गेलेले आपोआप परत येत नाही.

यावर आक्षेप येईल की, क्लाऊडबाहेर ठेवलेली माहिती नष्ट झाली तर? आक्षेप रास्त आहे, आणि उपनगरांत राहणाऱ्याने तरी तो हसण्यावारी नेऊ नये. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली आणि तळमजल्यावरच्या कित्येक घरांतील कागदपत्रांचा लगदा झाला. त्या संध्याकाळी एखादी प्रत दूर कोठे असती, तर पुढचे कित्येक हेलपाटे वाचले असते. तेव्हा क्लाऊडला सरसकट नकार देणे हे त्याला सरसकट होकार देण्याइतकेच अविचाराचे आहे. जो फोल्डर वगळला, त्याची दुसरी प्रत करण्याची जबाबदारी त्याच क्षणी आपल्यावर येते. सांकेतिक शब्दाने कुलूपबंद केलेली बाहेरची डिस्क, आणि तीही दुसऱ्या जागी ठेवलेली, एवढी किंमत मोजायची तयारी नसेल तर वगळण्याच्या हक्काची भाषा पोकळ ठरते.

माहितीच्या खासगीपणाला सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ च्या निकालाने मूलभूत हक्काचे स्थान दिले. त्यानंतर २०२३ मध्ये वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा संसदेने संमत केला. त्यात अठरा वर्षांखालील व्यक्तीची माहिती हाताळण्यासाठी पालकांच्या संमतीची सर्वसाधारण अट आहे आणि हेतू संपल्यावर माहिती पुसण्याचे तत्त्वही आहे. अकरावीचा विद्यार्थी बहुधा सोळा वर्षांचा असतो, हे येथे ध्यानात घ्यावे. परंतु दिल्लीत झालेला कायदा झेरॉक्सच्या दुकानापर्यंत आणि शिक्षकांच्या खोलीपर्यंत आपल्या पायांनी चालत येत नाही. त्याला कोणीतरी हात धरून आणावे लागते.

ते काम अवघड नाही. प्रत्येक शाळेने व महाविद्यालयाने एका पानाचा नियम करावा: कोणती माहिती क्लाऊडवर, कोणत्या खात्यात ठेवायची, कोणती मुळीच ठेवायची नाही, वगळलेल्याची दुसरी प्रत कोणाकडे राहील, आणि वर्षअखेर काय पुसायचे. प्रवेशाच्या दिवसांत महाविद्यालयांनी आपली संगणक प्रयोगशाळा अर्ज भरण्यासाठी दुपारी दोन तास उघडली, तर कित्येक मुलांचे दाखले परक्या खात्यात जाण्याचे टळेल. आणि दुकानातच अर्ज भरणे भाग असेल, तर मुलाने निघण्यापूर्वी एवढे म्हणायला शिकावे: ‘काका, माझे कागद पुसून टाका, कचरापेटीतूनसुद्धा.’

हे वाक्य उच्चारायला त्याला संकोच वाटेल. तो संकोच घालवण्याचे काम मात्र शिक्षकांचे आहे, आणि आपल्या स्वतःच्या संगणकावरील गुणांचा फोल्डर आज कोठे आहे, हे पाहिल्यावाचून त्यांना ते करता येणार नाही.