शंका आली तो दिवस, उपचार सुरू झाला तो दिवस

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, सोलापूर
मा. मुख्य कार्यकारी अधिकारी, जिल्हा परिषद, सोलापूर
मा. आयुक्त, सोलापूर महानगरपालिका

विषय : शून्य ते सहा वयोगटातील बालकांच्या विकासातील विलंबाची वेळेत ओळख, घरच्या भाषेत तपासणी आणि तालुक्याच्या ठिकाणी उपचार मिळण्याबाबत.

महोदय,

सोलापूरच्या पूर्व भागात दोन वर्षांचे मूल बोलत नसेल, तर कारणे तयार असतात. बापही उशिरा बोलला होता. जीभ जड आहे. मुलगे उशिराच बोलतात. घरात तेलुगू, गल्लीत कन्नड, अंगणवाडीत मराठी, मग लेकरू गोंधळणारच! हे शेवटचे कारण शिकली-सवरलेली माणसेही देतात आणि तेच सर्वांत कच्चे आहे. दोन-तीन भाषा कानावर पडल्याने मूल मागे पडत नाही, हे जगभरच्या अभ्यासांतून स्पष्ट झाले आहे. सगळ्या भाषांतले शब्द मिळून मोजले, तर अशी मुले साधारण बरोबरीची निघतात. तरीही मूल मागे असेल, तर शोध दुसरीकडे घ्यायला हवा. कित्येकदा त्याला ऐकूच येत नसते, आणि ते घरात कोणाच्या ध्यानात आलेले नसते.

मूल अमुक दिवशी चाललेच पाहिजे, असा नियम नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ मध्ये भारतासह पाच देशांतील मुलांच्या निरीक्षणावरून जे टप्पे प्रसिद्ध केले, त्यांत आधाराशिवाय चालण्याचा काळ ८.२ ते १७.६ महिने इतका लांबरुंद आहे. शेजारणीचे मूल दहाव्या महिन्यात चालले, म्हणून घाबरण्याचे कारण नाही. मात्र अठरा महिने उलटूनही पाऊल पडत नसेल, चौथा महिना संपला तरी मान सावरत नसेल, दोन वर्षांनंतरही दोन शब्द जोडता येत नसतील, तर थांबू नये. आणि येत असलेले बोलणे किंवा हसणे मूल विसरू लागले, तर वय कोणतेही असो, तातडीने दाखवावे.

मागे पडण्याची कारणे अनेक. अपुऱ्या दिवसांचा जन्म, जन्मताना प्राणवायू कमी पडणे, वाढलेली कावीळ, लोह आणि आयोडीनची कमतरता. काही कारणांवर तर उपाय अगदी स्वस्त आहे. जन्मजात थायरॉइड कमी असलेल्या बाळाला पहिल्या काही आठवड्यांत गोळी सुरू झाली, तर त्याची बुद्धी वाचते; वर्षभराने सुरू झाली, तर गेलेले बरेचसे परत येत नाही. बहिरेपणाचेही तसेच. महिन्याच्या आत श्रवण तपासणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान आणि सहाव्यापर्यंत उपचार, हे जगभर मान्य झालेले वेळापत्रक आहे. हे आकडे पाहिले की ‘थांबून बघू’ हा सल्ला किती महाग पडतो ते समजते.

प्रमाणही किरकोळ नाही. उत्तर गोव्यासह देशातील पाच ठिकाणी झालेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, दोन ते सहा वर्षांच्या मुलांत मेंदूविकासाशी निगडित अडचणींचे प्रमाण ठिकाणानुसार २.९ ते १८.७ टक्के आढळले. जनगणना २०११ नुसार सोलापूर जिल्ह्याची लोकसंख्या ४३ लाखांवर आहे. खालचा आकडा धरला, तरी ही मुले हजारोंच्या संख्येत भरतील.

योजना नाहीत, अशी निवेदनकर्त्यांची तक्रार नाही. योजना आहेत आणि त्यांचे मूळ महाराष्ट्रातच आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला १९४५ मध्ये जे काम सुरू केले, त्यातून अंगणवाडीची कल्पना रुजली. त्याच परिसरातल्या पालघरहून फेब्रुवारी २०१३ मध्ये राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. जन्मजात व्यंग, आजार, कमतरता आणि विकासातील विलंब अशा तीस बाबींची तपासणी त्यात होते. फिरत्या पथकाने अंगणवाडीत वर्षातून दोनदा यायचे, शंका आलेल्या मुलाला जिल्ह्याच्या ‘डीईआयसी’कडे, म्हणजे शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवायचे, अशी रचना आहे. नोव्हेंबर २०२३ पासून दिव्यांग बालकांसाठी स्वतंत्र अंगणवाडी कार्यपद्धतीही लागू आहे. प्रत्येक आईकडे माता-बाल संरक्षण कार्ड असते आणि त्यात विकासाचे टप्पे चित्रांसह छापलेले असतात. लसीचे पान मात्र आईला चटकन सापडते. चित्रांचे पान तिला कोणी उघडून दाखवलेले नसते.

गळती होते ती ‘संदर्भित केले’ या शेऱ्यानंतर. शेरा लिहिला की कागद पूर्ण होतो, मूल घरीच राहते. करमाळा किंवा माळशिरसहून सोलापूर शंभर किलोमीटरपेक्षा दूर. वाचा-उपचार किंवा फिजिओथेरपी एका खेपेत संपत नाही; आठवड्यामागून आठवडे यावे लागते. हजार विड्यांमागे मजुरी मिळणाऱ्या बाईने दर आठवड्याला एक दिवस मोडायचा, तर त्या दिवशी चुलीचे काय?

म्हणून मुख्य मागणी एकच आहे. किती मुले तपासली हा आकडा दरमहा विचारला जातोच. त्याच्या शेजारी दुसरा रकाना हवा : शंका नोंदवल्यापासून उपचाराच्या पहिल्या बैठकीपर्यंत किती दिवस गेले. तालुकानिहाय हा आकडा जिल्हा परिषदेच्या आढावा बैठकीत वाचला जावा. ज्या मुलासाठी तीस दिवस उलटतील, त्याच्या घरी आशा ताई आणि अंगणवाडी सेविका यांनी जाऊन कारण लिहून आणावे. ‘पालक आले नाहीत’ हे कारण धरू नये. का आले नाहीत, ते लिहावे.

बाकीच्या मागण्या यातूनच निघतात. उपचारतज्ज्ञ ठरलेल्या वारी पंढरपूर, बार्शी, अकलूज, करमाळा येथे बसावेत आणि ते वार प्रत्येक आरोग्य केंद्राच्या फलकावर लिहावेत. येण्या-जाण्याचा खर्च ग्रामपंचायतीच्या स्वउत्पन्नातील दिव्यांगांसाठीच्या ५ टक्के निधीतून मिळावा आणि त्यासाठी प्रमाणपत्राची अट नसावी. विलंब म्हणजे दिव्यांगत्व नव्हे. यांतली अनेक मुले वेळेत हात मिळाला तर प्रमाणपत्राची गरज न लागता शाळेत जातील. आधी प्रमाणपत्र, मग उपचार, हा क्रम लहान मुलाच्या बाबतीत उलटा आहे.

तपासणी घरच्या भाषेत व्हावी. बडोद्यात प्रमिला फाटक यांनी भारतीय बाळांसाठी तयार केलेली ‘दासी’ ही मापनश्रेणी आज देशभर वापरली जाते. पण मराठी सूचना न समजणाऱ्या पद्मशाली घरातल्या किंवा अक्कलकोट सीमेवरच्या कन्नड घरातल्या मुलाला त्याच श्रेणीवर कमी गुण पडतील, आणि ते गुण त्याचे नसतील. शहरात तेलुगू, कन्नड आणि उर्दू बोलणाऱ्या सेविकांची कमतरता नाही. त्यांना दुभाषी म्हणून प्रशिक्षण द्यावे आणि त्याचे मानधन वेगळे मिळावे. त्यांच्यावर आधीच नोंदींचा डोंगर आहे.

ऊस हा या जिल्ह्याचा वेगळा प्रश्न. गाळप सुरू झाले की बीड-धाराशिवकडच्या टोळ्या इथल्या फडांवर येतात. कोप्यांतली मुले त्या काळात ना गावच्या अंगणवाडीत, ना इथल्या. दोन्हीकडच्या पथकांना ती ‘गैरहजर’. हंगामात प्रत्येक कारखान्याच्या तळावर पथकाची किमान एक फेरी व्हावी, आणि शंका आलेल्या मुलाची नोंद त्याच्या मूळ जिल्ह्याच्या केंद्राला त्याच आठवड्यात कळवावी. कारखान्यांकडे टोळ्यांच्या याद्या असतात. त्या मागितल्या तर काम अर्धे होते.

जानेवारीत सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेला होम मैदानावर सारा जिल्हा लोटतो. तिथे आरोग्य विभागाचा एक मांडव असा असावा, जिथे कार्डावरचे ते चित्रांचे पान चार भाषांत मोठे करून लावलेले असेल आणि श्रवण तपासणी विनामूल्य होईल.

आरोग्य, महिला व बालविकास, दिव्यांग कल्याण आणि शिक्षण या चारही विभागांच्या अधिकाऱ्यांची पालकांसह संयुक्त बैठक लावावी व तिचे इतिवृत्त निवेदनकर्त्यांना द्यावे, ही विनंती. मुलांना सोबत आणावे लागेल. बैठक तळमजल्यावर घ्यावी.

आपले,
सोलापूर शहर व जिल्ह्यातील पालक, अंगणवाडी सेविका आणि मदतनीस