बाळंतपण बाईचे, बाळ दोघांचे



कचेरीत माझे टेबल आस्थापना शाखेत आहे. रजेचे अर्ज माझ्याच हातून पुढे सरकतात, त्यामुळे कोणाच्या घरी काय चालले आहे ते न विचारताही कळते. केंद्र सरकारच्या पुरुष कर्मचाऱ्याला १९९७ पासून पितृत्व रजा मिळते. १५ दिवस, भरपगारी, आणि नेहमीच्या रजेच्या खात्यातून ती वजा होत नाही. अट एवढीच की हयात अपत्ये दोनपेक्षा कमी असावीत. प्रसूतीच्या १५ दिवस आधीपासून ते बाळ सहा महिन्यांचे होईपर्यंत ती घ्यावी लागते, त्यानंतर ती बुडते. ही रजा सहसा नाकारू नये, असे नियमातच लिहिले आहे. तरीही कित्येक जण ती घेतच नाहीत. काही घेतात ती घर रंगवायला, नाहीतर गावाकडच्या जत्रेला. एका तरुण शिपायाला मी कारण विचारले तर तो म्हणाला, "भाऊ, बायको माहेरी, बाळ माहेरी. मी रजा टाकून खोलीत एकटा बसून काय करू?"

त्याचे म्हणणे हसण्यावारी नेण्यासारखे नाही. पहिले बाळंतपण माहेरी, ही आपल्याकडची रीत. सातव्या-आठव्या महिन्यात मुलगी जाते आणि बाळ तीन महिन्यांचे, कधी पाच महिन्यांचे झाले की परत येते. रीत वाईट आहे असे मी म्हणणार नाही. माहेरी तिला विश्रांती मिळते, आईच्या हातचे दोन घास मिळतात. पण या रीतीत बापाला जागाच ठेवलेली नाही. तो बारशाला जावई म्हणून जातो, टॉवेल-टोपी घेतो, बाळाला दोन मिनिटे मांडीवर घेतो आणि संध्याकाळच्या एस.टी.ने परत फिरतो. दवाखान्यात बाळंतपण झाले असेल तर आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येऊन बाळाला तपासते. वजन करते, अंगाची ऊब पाहते, बाळ दूध नीट ओढते का ते विचारते. हे सगळे आजी ऐकते. बापाच्या कानावर त्यातले अक्षरही पडत नाही. मग बाळ घरी आल्यावर त्याला धरायचे कसे इथपासून त्याची पंचाईत, आणि घरातल्या बायकाच म्हणतात, "राहू द्या, तुम्हाला नाही जमायचे." तो सुटला म्हणून खूश होतो. बाळाचे करणे त्याला कोणी शिकवले नाही, आणि न शिकल्याची लाजही त्याला कोणी वाटू दिली नाही.

आता आपल्यापैकी पुष्कळ जण म्हणतील, ही रजेची चैन सरकारी नोकरांची, आमचे काय? खरे आहे. नाक्यावर उभा राहणारा बिगारी, हमाल, कंत्राटी सफाई कामगार यांनी काम सोडले की त्या दिवसाची चूल विझली. खाजगी मालकाने बापाला रजा दिलीच पाहिजे असा देशभर लागू असणारा कायदा आजही नाही. हिंगोलीचे तेव्हाचे खासदार राजीव सातव यांनी २०१७ मध्ये लोकसभेत पितृत्व लाभाचे खाजगी विधेयक आणले होते. ते मंजूर झाले नाही. त्याच वर्षी नोकरदार बाईची प्रसूती रजा पहिल्या दोन मुलांसाठी १२ वरून २६ आठवड्यांवर गेली. चांगलेच झाले. पण बापाच्या रकान्यात शून्य ते शून्यच राहिले, आणि २६ विरुद्ध शून्य हा हिशेब पाहून बाळ हे फक्त आईचेच काम, असे मालकालाही वाटते आणि नवऱ्यालाही.

बाळंतिणीच्या विश्रांतीसाठी कायदा हवा, हे मुंबई कायदे कौन्सिलात २८ जुलै १९२८ रोजी सांगणाऱ्यांत डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. आईला बाळंतपणाआधी आणि नंतर विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे आणि लोकांच्या कल्याणाची जबाबदारी मुख्यतः सरकारची आहे, असा त्यांचा मुद्दा होता. पुढच्या वर्षी, १९२९ मध्ये, मुंबई इलाख्यात गिरणी-कारखान्यांतल्या बायकांसाठी कायदा झाला. त्या भाषणाच्या दोन वर्षे आधी, १९२६ मध्ये, त्यांचा धाकटा राजरत्न गेला होता. पाच मुलांपैकी चार लहानपणीच गेली. बापाला लेकराचे दुःख काय असते हे आपल्या लोकांना वेगळे सांगायला नको.

रजा नसली तरी रात्र तर आपली असते! कामावरून आल्यावर हातपाय साबणाने धुऊन बापाला काय करता येते ते पाहा. दूध पाजून झाल्यावर बाळाला खांद्यावर घेऊन ढेकर काढणे. लंगोट-दुपटी बदलणे आणि धुणे. रात्री दोन वाजता बाळ रडले तर उचलून आईच्या कुशीत देणे आणि पिऊन झाल्यावर परत निजवणे. हंडा भरणे, भाकरी थापणे. पहिल्या सहा महिन्यांत पोटात जायचे ते फक्त आईचे दूध, वरचे पाणीसुद्धा नाही. आणि पहिले चिकाचे दूध तर मुळीच टाकायचे नाही. हे सगळ्या आशाताई सांगतात. पण सासूबाई मधाचे बोट घेऊन आल्या की सुनेला नाही म्हणता येत नाही. तिथे मुलाने पुढे होऊन म्हटले पाहिजे, "आई, डॉक्टरांनी मना केले आहे." सुनेच्या दहा शब्दांचे काम मुलाच्या एका शब्दाने होते. हे बरोबर आहे का हा वेगळा प्रश्न, पण तोवर तो शब्द फुकट का घालवायचा?

आमच्या वस्तीतल्या एका टेम्पो चालवणाऱ्या पोराची हकीकत सांगतो. बायकोचे सिझेरियन झाले, बाळ दिवसांआधी आले, वजन १ किलो ८०० ग्रॅम. बाईला ताप, उठवेना. परिचारिकेने याला बोलावले, शर्टाची बटणे काढायला लावली, बाळाला फक्त लंगोट-टोपडे ठेवून याच्या छातीवर उभे लावले आणि वरून चादर बांधली. पोराची आई म्हणाली, "पुरुषाच्या छातीला काय दूध आहे?" परिचारिका म्हणाली, "आजी, ऊब तर आहे ना!" सहा दिवस तो सकाळ-संध्याकाळ तासन् तास तसा बसला. मित्र चिडवायला आले आणि गप्प होऊन परत गेले. या रीतीला कांगारूची पद्धत म्हणतात. कोलंबिया देशात बोगोटा शहरातल्या एका दवाखान्यात काचेच्या पेट्या अपुऱ्या पडत होत्या, तेथे १९७८ मध्ये ती सुरू झाली. अडीच किलोच्या आतल्या बाळांना तिचा मोठा उपयोग होतो. आईची छाती पहिली, कारण दूध तिथे आहे. पण आई आजारी असेल, जेवायला-न्हायला गेली असेल, तेव्हा बापाची छाती चालते.

अशी परिचारिका सगळीकडे भेटत नाही. पुष्कळ ठिकाणी प्रसूती कक्षाच्या दारावरच "पुरुषांना मज्जाव" अशी पाटी असते आणि बाप बाहेर बाकावर औषधाची चिठ्ठी येण्याची वाट पाहतो. त्याचे काम पैसे आणणे आणि रक्त देणारा शोधणे. पाटीमागे कारण आहे. एका खोलीत दहा बायका, मध्ये पडदा नाही, त्यांची अब्रू सांभाळलीच पाहिजे. मग पडदे लावावेत! केंद्राच्या आरोग्य खात्याने २०१६ मध्ये कळा देणाऱ्या बाईजवळ सोबतीण ठेवायला परवानगी दिली, त्यात आडोशाची सोय असेल तिथे नवऱ्यालाही मुभा आहे. दिल्लीत कामगार विमा योजनेच्या काही दवाखान्यांत गरोदर बायकांच्या तपासणीला नवऱ्यांना मुद्दाम बोलावून पाहिले. त्याचा अहवाल २००४ मध्ये आला. अशा जोडप्यांत बाळंतपणानंतर सहा महिन्यांनी कुटुंबनियोजनाची साधने वापरणारे जास्त निघाले. ही मोठ्या पगाराची माणसे नव्हती, आपल्यासारखेच कामगार होते.

सरकारी दवाखान्यात २०११ पासून बाळंतपण, सिझेरियन, औषधे, तपासण्या, रक्त, जेवण, येण्याजाण्याची गाडी आणि आजारी नवजात बाळाचे उपचार मोफत आहेत. कोणी पैसे मागितले तर बापाने शांतपणे विचारावे, "पावती मिळेल का?"

लसींचा हिशेब कारकुनी आहे, म्हणून मला आवडतो. जन्मताच पहिल्या लसी. मग दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांनी. मग नऊ महिने पूर्ण झाल्यावर. आणि सोळा महिन्यांनंतर पुन्हा. घोटाळा होतो तो साडेतीन आणि नऊ महिन्यांच्या मधल्या मोठ्या खंडात. माहेरचे गाव सुटलेले असते, इथल्या नर्सबाईंच्या वहीत नाव नसते, कार्ड माहेरच्या ट्रंकेत. बायकोला आणायला जाल तेव्हा बाळाच्या दुपट्यांआधी ते कार्ड मागून घ्या आणि रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवा.

आणि एक. दोन महिन्यांच्या आतले बाळ दूध ओढेनासे झाले, मलूल पडले, अंग तापले किंवा थंडगार पडले, झटके आले, तळहात-तळपाय पिवळे दिसू लागले, श्वास घेताना छाती आत ओढली जाऊ लागली, तर सकाळची वाट पाहू नका. श्वास मोजता येतो. बाळ शांत असताना मोबाइलच्या घड्याळावर पुरे एक मिनिट पोटाचे वर-खाली होणे मोजा. ६० किंवा जास्त आले तर पुन्हा मोजा, पुन्हा तेवढेच आले तर उचला आणि निघा. १०८ ला फोन करा. अंगारा-धुपारा करण्यात जे दोन तास जातात तेच महागात पडतात. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी ३९ गावांत साध्या शिकवलेल्या बायकांच्या हाती घरोघर नवजात बाळांची देखभाल दिली, तेव्हा तिथले नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले. १९९९ मध्ये हे जगापुढे आले. आशाताईंच्या आजच्या घरभेटी त्यातूनच पुढे आल्या.

आता पाळणा थांबवण्याचे. १० नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबई विधानसभेत संततिनियमनाचा ठराव स्वतंत्र मजूर पक्षाच्या पी. जे. रोहम यांनी मांडला, तो बाबासाहेबांचाच होता. सभागृहाने तो फेटाळला. आज साधने गावोगावी आहेत, पण भार कोणावर? २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीत शस्त्रक्रिया झालेल्या विवाहित बायका १०० त ३७.९, आणि पुरुषांची शस्त्रक्रिया ०.३. आणीबाणीतल्या जबरदस्तीने लोक बिथरले हे मान्य. पण त्याला आता कित्येक वर्षे लोटली.

गेल्या महिन्यात मार्केट यार्डातल्या एका हमाल वाचकाने विचारले की नसबंदीनंतर ओझे उचलता येईल का, ताकद जाईल का. ताकद जात नाही. फक्त बीज वाहणारी नळी बंद होते, बाकी सारे पूर्वीसारखे राहते. जागेपुरती भूल देतात, टाका पडत नाही, त्याच दिवशी घरी जाता येते. दोन दिवस विश्रांती घ्यावी आणि आठवडाभर जड ओझे उचलू नये, तेव्हा यार्डात माल कमी असतो असा आठवडा पाहून तारीख घ्यावी. पुढचे तीन महिने निरोध वापरावा आणि मग वीर्याची तपासणी करून घ्यावी, कारण तोवर नळीत आधीचे बीज असते. ती तपासणी दवाखान्यात मागून घ्यावी.